घर मालवणात, मालक परदेशात: बुकिंगची खबर केअरटेकरपर्यंत नीट कशी पोहोचवायची

मालवण, वेंगुर्ले, गुहागर, दापोली किंवा गोव्यात घर आहे, आपण राहतो लंडन, दुबई नाहीतर न्यू जर्सीत, आणि वर्षातले काही आठवडे सोडले तर ते घर कुलूपबंद असतं म्हणून सुट्टीसाठी भाड्याने द्यायला काढलं आहे, अशी मराठी कुटुंबं आता बरीच आहेत. फोटो कसे काढावेत, दर किती ठेवावा यावर सगळे पुष्कळ डोकं लावतात. पण पाहुण्याला दारात भेटतात ते घर सांभाळणारे काका आणि काकू. पाहुणे येताहेत हे त्यांना वेळेवर आणि पुरतं कळलं नाही तर गाडी अंगणात उभी राहते तेव्हा चादरी दोरीवर असतात, टाकीत पाणी चढवलेलं नसतं, आणि ज्यांची काही चूक नाही त्या माणसांना अनोळखी लोकांसमोर ओशाळं व्हावं लागतं. हे टाळणं पूर्णपणे आपल्या हातात आहे.

मी इंग्लंडमधून मालवण तालुक्यातलं घर चालवतो. खाली लिहिलेली पद्धत त्या घराला धरून आहे, पण थोडाफार फरक करून ती कुठेही चालेल. तिच्या मुळाशी माझं एक ठाम मत आहे: आपण कळवलं एवढ्यावर काम संपत नाही, काकांनी ते आपल्या शब्दांत परत सांगितलं की संपतं.

आधी काकांच्या तारखा

बहुतेक मालक कॅलेंडर उघडतात ते पाहुण्यांसाठी. मी ते आधी काका-काकूंसाठी उघडतो. दरवर्षी पावसाळा संपताना फोन करून विचारायचं: गणपती किती दिवसांचा? शिमग्याला कुठले दिवस मोकळे हवेत? भातकापणी साधारण कधी? घरात लग्न, बारसं, कुणाचं वर्षश्राद्ध? कार्तिक-मार्गशीर्षात सिंधुदुर्गात गावोगावच्या देवळांच्या जत्रा असतात, रात्रभर दशावतार चालतो. आपल्या केअरटेकरच्या गावची जत्रा ज्या रात्री असेल त्या रात्री त्यांनी आपल्या पाहुण्यांसाठी चहा करत बसावं अशी अपेक्षा धरू नये.

या तारखा बुकिंगच्या साइटवर आपल्या हाताने बंद करून टाकायच्या, किंवा त्या दिवसांसाठी बदली माणूस तेव्हाच ठरवायचा. गणपतीत कोकणातलं घर भाड्याने जाईल आणि पैसेही चांगले मिळतील, हे खरं आहे. तरी मी ते दिवस बंद ठेवतो.

काही तारखा तर आपल्याला काकांकडूनच कळतात. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा घ्या. तिची तारीख पंचांगावरून निघत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते आणि दरवर्षी वेगळी असते. त्या दिवसांत मालवण-कणकवली भागात राहायला जागा मिळत नाही आणि रस्ते गाड्यांनी भरलेले असतात. तारीख ठरल्याचं गावात पहिल्या दिवशी कळतं. काकांनी ते लगेच कळवायचं, एवढं बोलून ठेवा.

साइटवर दोन गोष्टी बदलून घ्या

केअरटेकरला उशिरा कळतं त्याचं मोठं कारण म्हणजे आपल्यालाच उशिरा कळतं. न्यू जर्सीत उन्हाळ्यात रात्रीचे साडेबारा वाजतात तेव्हा मालवणात सकाळचे दहा. त्या वेळी कोल्हापूरच्या एखाद्या कुटुंबाने आजच्याच रात्रीचं बुकिंग केलं, तर आपण सकाळी सातला उठेपर्यंत तिथे दुपारचे साडेचार झालेले असतात. पाहुणे घाट उतरून फाटकाशी आलेले असणार.

म्हणून एअरबीएनबीसारख्या साइटवर बुकिंगसाठी किमान किती दिवस आधीची सूचना हवी ते ठरवायची सोय असते, ती दोन दिवसांवर ठेवा. दुसरी सोय दोन बुकिंगांच्या मध्ये एक रात्र आपोआप मोकळी ठेवण्याची. पावसाळ्यात ती नक्की वापरा, कारण चादरी वाळायलाच दीड दिवस लागतो.

घर दोन साइटवर असेल तर दोन्हीकडची कॅलेंडरं लिंकने जोडता येतात, पण ती त्या क्षणी जुळत नाहीत. मध्ये काही तास जातात. दिवाळी, नाताळ आणि ३१ डिसेंबरच्या आसपास तेवढ्या वेळात दोन कुटुंबं एकच रात्र घेऊन बसू शकतात. त्या दिवसांपुरतं घर एकाच साइटवर उघडं ठेवावं.

एकच खरं कॅलेंडर, आणि भिंतीवरचं दुसरं

साइटचं कॅलेंडर थेट गुगल कॅलेंडरला जोडून काकांना दाखवलं की झालं, असं वाटतं. होत नाही. अशा जोडणीतून येते ती फक्त तारीख भरल्याची खूण. माणसं किती, लहान मूल आहे का, किती वाजता येणार, यातलं काही नसतं. शिवाय गुगल कॅलेंडर अशी जोडलेली माहिती ताजी करायला कधी कधी अर्धा दिवसही लावतं. तेव्हा नोंद हातानेच करायची. एका बुकिंगला पाच मिनिटं पुरतात.

संगणकावर गुगल कॅलेंडर उघडून ‘घर बुकिंग’ नावाचं वेगळं कॅलेंडर तयार करा. आपल्या डॉक्टरच्या भेटी आणि ऑफिसच्या मीटिंगा त्यात मिसळू देऊ नका. त्याची वेळ भारताची ठेवा. मग काकांच्या किंवा त्यांच्या मुलाच्या जीमेल पत्त्यावर ते शेअर करा. सगळा तपशील दिसेल पण बदलता येणार नाही, अशी परवानगी द्या. पुढची पायरी लोक विसरतात. काकांच्या फोनमधल्या अॅपमध्ये त्या कॅलेंडरच्या नावापुढे खूण आहे का ते पाहावं लागतं आणि सूचना वाजण्याची सोयही त्यांच्याच फोनवर करावी लागते. आपण आपल्या फोनवर लावलेली घंटा त्यांच्याकडे वाजत नाही. गावी जाल तेव्हा शेजारी बसून हे करून द्या. ते शक्य नसेल तर त्यांच्या घरात कॉलेजात जाणारं कुणी असेल त्याच्याकडून व्हिडिओ कॉलवर करून घ्या.

नोंद ‘पूर्ण दिवस’ अशीच करा आणि वेळ शीर्षकात शब्दांत लिहा, उदाहरणार्थ ‘येणार शुक्र दु. ३, सहा माणसं’. घड्याळी वेळ टाकली की आपला फोन लंडनची वेळ धरतो, त्यांचा भारताची, आणि दुपारचं आगमन संध्याकाळी दिसायला लागतं. पूर्ण दिवसाची नोंद जागची हलत नाही. रंग तीन पुरेत: पक्कं बुकिंग हिरवं, नुसती विचारणा पिवळी, घर बंद असेल तर तांबडं.

आता भिंतीवरचं. फोनमध्ये काहीही असो, बहुतेक घरांत खरा कारभार स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर चालतो. दुधाचा हिशोब तिथे, सिलेंडर कधी लावला तेही तिथेच. बुकिंगही तिथेच लिहायचं. आमच्याकडे काकू येण्याच्या तारखेवर बाण काढतात, जाण्याच्या तारखेवर फुली, आणि मधल्या चौकटींत माणसांचा आकडा. दर महिन्याच्या १ तारखेला त्या पानाचा फोटो मला येतो आणि मी तो माझ्या कॅलेंडरशी ताडून पाहतो. कुठलाही महागडा प्रोग्रॅम वापरून जी चूक सापडली नसती ती या फोटोत सापडते, कारण काकूंना काय समजलंय ते त्यात दिसतं.

संदेश कसा लिहावा

इथे घाई करू नका. ‘काका, पुढच्या शुक्रवारी पाहुणे आहेत, ६ जण’ असा संदेश म्हणजे अर्धवट काम. पुढचा शुक्रवार नेमका कुठला? किती रात्री? जेवणार का? काका भिडेपोटी विचारणार नाहीत आणि अंदाजाने तयारी करतील. प्रत्येक बुकिंगचा संदेश एकाच साच्यात, एकाच क्रमाने लिहा. डोळ्याला सवय लागली की एखादी ओळ राहिली तर त्यांच्या लगेच लक्षात येतं. माझा साचा असा आहे:

काका, नमस्कार. नवीन बुकिंग, पक्कं.
येणार: शुक्रवार, ११ डिसेंबर २०२६, दुपारी ३ च्या सुमारास
जाणार: सोमवार, १४ डिसेंबर, सकाळी ११ पर्यंत
रात्री: ३ (शुक्र, शनि, रवि)
माणसं: ६. मोठी ४, मुलं २ (८ वर्षांचा आणि २ वर्षांची)
कसे येणार: पुण्याहून स्वतःची गाडी, एकच
खोल्या: खालच्या दोन्ही आणि माडीवरची एक
जेवण: शुक्रवार रात्री मासे, ५ ताटं. आजी शाकाहारी, त्यांचं वेगळं. सकाळी घावणे-चटणी चालेल
पैसे: घराचे सगळे आले. जेवणाचे तिथे देतील
लक्ष ठेवा: दोन वर्षांची मुलगी आहे. विहिरीकडचं फाटक बांधून ठेवा
पाहुण्यांचा फोन वेगळा पाठवतो
काका, वाचून वार, तारीख आणि माणसं परत सांगा.

काही ओळींमागची कारणं सांगतो. वार नेहमी तारखेच्या आधी, आणि महिना अक्षरांत. ११/१२ असं लिहिलं तर अमेरिकेत राहून सवय बदललेला मालक नोव्हेंबर म्हणतो आणि गावातला माणूस डिसेंबर. रात्री मोजून लिहिल्या की चादरी, दूध, पाणी सगळ्याचा हिशोब आपोआप लागतो.

जेवणाची ओळ शहरातल्या मालकाला किरकोळ वाटते, काकूंच्या दृष्टीने तीच सगळ्यात महत्त्वाची. मासे सकाळी बाजारात किंवा रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर) जाऊन आणायचे असतात, त्यामुळे आदल्या संध्याकाळपर्यंत ताटं किती ते कळलंच पाहिजे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा पाहुण्यांना सुरमई-पापलेटचं आश्वासन आपण इथे बसून देऊ नये. आणि काकूंच्या स्वयंपाकघरात श्रावणात, संकष्टीला, मार्गशीर्षातल्या गुरुवारी मासे शिजत नसतील तर ते आधी विचारून पाहुण्यांना तसं सांगणं हे आपलं काम आहे. ऐनवेळी काकूंना पेचात टाकू नये.

मध्यरात्रीच्या आगमनाला विशेष जपा. गोव्यातला मोपा विमानतळ सुरू झाल्यापासून वेंगुर्ले-सावंतवाडी-मालवण भागात विमानाने येणारे वाढले आहेत, आणि रात्री उशिराचं विमान असलं की ‘१२ तारखेला रात्री १ वाजता’ असा मजकूर येतो. ती शुक्रवारची रात्र की शनिवारची? गावात दिवस उजाडल्यावर सुरू होतो. म्हणून असं लिहा: ‘शुक्रवारी रात्री जेवणं आटपल्यावर जागं राहायचं आहे, शनिवार उजाडायच्या आत, १ च्या सुमारास गाडी येईल.’ वाक्य लांबलं तरी चालेल.

रेल्वेचं उलटं असतं. मुंबईहून रात्री निघणारी कोकणकन्या पाहुण्यांना सकाळीच कुडाळला उतरवते. खोली दुपारी २ ला मिळणार असली तरी ते बॅगा घेऊन नऊलाच दारात असतात. ‘सकाळी येतील, खोली दुपारीच द्यायची, तोवर पडवीत बसवा आणि चहा द्या’ एवढं आधी लिहिलं की दोन्ही बाजूंचा अवघडलेपणा जातो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या हळू धावतात, तेव्हा जूननंतरच्या बुकिंगला गाडीची वेळ नव्याने विचारून घ्या.

पोच

व्हॉट्सअॅपवर निळ्या खुणा दिसल्या म्हणजे संदेश उघडला गेला, एवढंच. फोन कदाचित नातवाच्या हातात होता. अंगठ्याची खूण किंवा ‘ओके’ मी पोच धरत नाही. काकांनी ‘शुक्रवार ११, सहा माणसं, सोमवारी जाणार’ असं लिहिलं किंवा बोलून पाठवलं की ती पोच. सुरुवातीला त्यांना हे परीक्षा घेतल्यासारखं वाटू शकतं. कारण समजावून सांगा: चूक माझ्याकडूनही होऊ शकते, तुम्ही परत सांगितलंत की मला ती पकडता येते. हे खरंही आहे.

काकांना वाचण्यापेक्षा ऐकणं सोपं वाटत असेल तर बोलका संदेशही पाठवा, पण लिहिलेल्याच्या जोडीला. बोललेलं नंतर शोधता येत नाही.

फोनची वेळ ठरवून घ्या. भारताचं घड्याळ वर्षभर तेच राहतं, बदलतो आपण. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेचार तास, एरवी साडेपाच. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ, नंतर साडेदहा. दुबईत कायम दीड. आम्ही दर बुधवारी भारतात संध्याकाळी ७ ही वेळ ठेवली आहे. माझ्याकडे तेव्हा जेवणाची सुट्टी असते, तिकडे दिवेलागण झालेली असते आणि रात्रीच्या स्वयंपाकाला अवकाश असतो. दुपारी दोन ते चार फोन करू नये, ती त्यांची पडायची वेळ. ब्रिटनमधून रात्री नऊला केलेला फोन तिथे मध्यरात्र उलटून गेल्यावर वाजतो आणि घरात कुणाचं काही बरंवाईट झालं की काय म्हणून माणसं दचकून उठतात.

केव्हा केव्हा कळवायचं

बुकिंग झालं की त्याच दिवशी पूर्ण संदेश. येण्याच्या आठवडाभर आधी, बुधवारच्या फोनवर, उजळणी: सिलेंडर आहे ना, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घातलं का, माडीवरचा गिझर चालतो का. आदल्या संध्याकाळी पाहुण्यांशी बोलून नक्की वेळ आणि ताटं. आणि पाहुणे निघाले की ‘निघाले’ एवढा एक शब्द, म्हणजे काकांना सकाळपासून रस्त्याकडे डोळे लावून बसावं लागत नाही.

व्हॉट्सअॅपवर दोन गट ठेवा. एक फक्त बुकिंग आणि पोच यांसाठी, दुसरा फोटो, नळ, माळी, शुभ सकाळ या सगळ्यासाठी. बुकिंगच्या गटात सगळ्यात जवळच्या तीन बुकिंगांचे संदेश वर टाचून ठेवता येतात. खाडा न करता ते ताजे ठेवा.

बदल झाला तर

जुना संदेश दुरुस्त करू नका. दुरुस्ती केलेल्या संदेशाची नवी घंटा वाजत नाही आणि काकांच्या डोक्यात जुनीच तारीख राहते. ‘एक दिवस वाढवलाय’ असा तुकडाही पाठवू नका. सगळा साचा पुन्हा भरा, वर ‘बदल’ लिहा, आणि जुन्या संदेशाला उत्तर म्हणून ‘हा रद्द’ असं टाका. कालनिर्णयावर खोडून नवं लिहिलं की त्या चौकटीचा फोटो मागवा.

बुकिंग रद्द झालं तर मात्र फोनच करायचा. मासे सांगून ठेवलेले असतात, भांडी घासायला बाईंना बोलावलेलं असतं. शेवटच्या दोन दिवसांत रद्द झालं तर साफसफाईचे आणि बाजाराचे पैसे मी काका-काकूंना नेहमीसारखेच देतो, पाहुण्याला परतावा किती गेला याचा त्याच्याशी संबंध ठेवत नाही. त्यांनी काम केलेलं असतं.

परदेशी पाहुणे आणि ओळखपत्रं

पाहुण्यांत परदेशी पासपोर्टचं कुणी असेल तर तो आपल्या घरी उतरल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते. सगळे याला फॉर्म सी म्हणूनच ओळखतात. आडनाव मराठी आहे आणि बोलतातही मराठी, म्हणून काका विचारायला संकोचतात. बुकिंग होतानाच आपण पाहुण्यांना विचारा आणि संदेशात ठळक ओळ घाला: ‘दोघांचे पासपोर्ट ब्रिटनचे, आल्या आल्या पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो मला पाठवा.’

आधारचे किंवा पासपोर्टचे फोटो गटात टाकू नयेत. काकांनी ते फक्त मालकाला पाठवावेत आणि काम झालं की फोनमधून काढून टाकावेत. आधार घेताना पहिले आठ आकडे झाकलेली प्रत पुरते. पाहुण्यांचा फोन नंबरही फक्त काकांना द्या. स्वयंपाकाच्या मावशींना ताटं कळली पाहिजेत, रिक्षावाल्या दादांना वेळ आणि स्टेशन. याहून जास्त त्यांना लागत नाही.

काका किंवा त्यांचा मुलगा फोन सहज वापरत असेल तर एअरबीएनबीवर त्यांना सहयजमान (को-होस्ट) करून फक्त कॅलेंडर पाहण्याची परवानगी देता येते. त्याने आपल्या संदेशाची गरज संपत नाही. आजींचं वेगळं ताट त्या कॅलेंडरात कुठेच नसतं.

रेंज नसेल तेव्हा

पावसात लाईट गेली की काही वेळाने मोबाइलचा टॉवरही जातो. त्यासाठी एक साखळी लिहून ठेवा आणि तिची प्रत काकांकडेही द्या: आधी काकांचा फोन, मग काकूंचा, मग शेजारच्या वाडीतलं घर, मग नाक्यावरचं दुकान. या चौघांनाही आधी विचारलेलं असलं पाहिजे, आणि गावी गेलं की त्यांच्याकडे जाऊन बसलं पाहिजे, चहाला आणि विचारपूस करायला. आदल्या संध्याकाळपर्यंत पोच आली नाही तर साखळी सुरू करायची, पाहुण्यांचा फोन येण्याची वाट पाहायची नाही.

तिकडून इकडे

पाहुणे आले की काकांचा एक शब्द, गेले की चार फोटो: विजेचा मीटर, टाकी, स्वयंपाकघराचा ओटा, आणि काही मोडलं-फुटलं असेल तर ते. मोडलेलं कळवल्यावर पहिला प्रश्न ‘कसं काय मोडलं?’ असा आला तर पुढच्या वेळी कळवणंच बंद होतं. आधी ‘कळवलंत ते बरं झालं’ म्हणा, बाकीचं नंतर.

काका-काकूंचे पैसे पाहुणे गेले त्याच दिवशी पाठवा. भाडं एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयांचं, भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं; परदेशातल्या कमाईसाठीचं ते एनआरई) जमा होत असेल तर त्याच खात्यातून देता येतात, आणि ब्रिटन, अमेरिका, अमिरातीसह काही देशांतल्या मोबाइल नंबरवरूनही आता भारतातल्या एनआरओ-एनआरई खात्याचं यूपीआय चालतं. आपली बँक ती सोय देते का ते विचारून घ्या. पैसे पाठवताना खाली बुकिंगची तारीख लिहा, ‘११ ते १४ डिसेंबर’ अशी, म्हणजे काकूंना कालनिर्णयाच्या त्या चौकटीपुढे आकडा मांडता येतो. बदली माणसाने काम केलं असेल तर त्याचे पैसे त्याच्या खात्यात वेगळे जाऊ देत. काकांच्या हाती देऊन वाटणीचं ओझं त्यांच्यावर टाकू नका.